मेडिकलच्या अर्जातलं दुःख नक्की कुणाचं?

अमेरिकेत एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, घ्यायची तर टेक्सासची सरकारी कॉलेजं सोडता जवळपास सगळीकडचा अर्ज अ‍ॅमकास नावाच्या एकाच व्यवस्थेतून भरावा लागतो. २०२३च्या मे महिन्यात या अर्जात एक नवा प्रश्न आला. आयुष्यात तुम्हाला मोठ्या अडचणींना तोंड द्यावं लागलं आहे का? आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचं. ‘हो’ म्हटलं तर काय झालं आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला, ते १,३२५ अक्षरांत लिहायचं. इंग्रजीत ते जेमतेम दोनशेच्या आसपास शब्द होतात. ‘डॉक्टर का व्हायचंय’ हे सांगणारा ५,३०० अक्षरांचा मुख्य निबंध वेगळाच, तो तर आधीपासून आहेच.

तेव्हापासून दर वर्षी वसंत सरत आला की इथल्या मराठी घरांतून एकाच प्रकारचे फोन येतात. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून मुलं मला निबंध वाचायला पाठवतात आणि त्यांच्या मागोमाग आईवडील बोलतात. सूर काळजीचा असतो. “हिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही वाईट झालंच नाही हो. मग त्या प्रश्नात लिहायचं काय?” काही झालं नाही याची खंत एखाद्या आईच्या आवाजात ऐकू यावी, हे मला फार अस्वस्थ करतं. मूल सुखात वाढलं हे तिच्या कष्टांचं फळ आहे, आणि त्याचीच आता तिला अडचण वाटू लागली आहे.

माझं मत सांगते. ज्याच्या वाट्याला मोठी अडचण आलेली नाही, त्याने ‘नाही’वर खूण करावी आणि पुढे जावं. ज्याच्या वाट्याला आली आहे, त्याने ती साध्या शब्दांत, न लाजता लिहावी. आणि मेडिकल कॉलेजांनी या दोनशे शब्दांच्या भाषेवर मुलांना तोलणं कमी करून वस्तुस्थितीवर तोलणं वाढवावं. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. पहिली तर कुणाच्या गळीच उतरत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

मुळात हा प्रश्न सगळ्यांसाठी नाहीच. मेडिकल कॉलेजांच्या ज्या संघटनेच्या अखत्यारीत अ‍ॅमकास चालतं त्या एएएमसीने प्रश्नासोबतच्या सूचनेत ते स्पष्ट लिहिलं आहे. सगळ्यांनी ‘हो’ म्हणावं अशी कॉलेजांची अपेक्षा नाही. काहींकडे असा अनुभव नसेल आणि काहींना खासगी गोष्ट सांगायची इच्छा नसेल, असं तिथे आहे. याआधी तिथे दुसरा प्रश्न होता. तुम्हाला वंचित अर्जदार म्हणून गणलं जावं असं वाटतं का, अशा आशयाचा. तो काढून त्याच्या जागी हा आला. म्हणजे जागा जुनीच, फक्त विचारण्याची रीत बदलली. पूर्वी जे घर तो प्रश्न वाचून सहज पुढे गेलं असतं, त्याच घराला आता रिकामी चौकट दिसली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. आपण परीक्षेत एकही प्रश्न न सोडण्याच्या शिस्तीत वाढलेली माणसं. अर्जातला पर्यायी प्रश्नसुद्धा आपल्याला सक्तीचाच वाटतो.

मग त्या चौकटीत काय काय येतं? पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मिळालेला ‘बी’. शाळेच्या डब्यातली मेथीची भाजी बघून वर्गातल्या मुलांनी मुरडलेलं नाक. टेनिसच्या सामन्यात दुखावलेला गुडघा. आणि सर्वांत जास्त वेळा, आईबाबांचं किंवा आजीआजोबांचं दुःख.

न्यू जर्सीतल्या एका मुलीचा मसुदा आठवतो. आईवडील दोघेही आयटीत, स्वतःचं घर, मुलगी हुशार आणि मनाने मऊ. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे आजोबा गेले. तेव्हा इथून कुणालाच जाता आलं नव्हतं. त्यावर लिही, असं वडिलांनी सुचवलेलं. तिने लिहिलंही होतं. ऑक्सिजन, रुग्णालयाच्या दारातली रांग, फोनच्या पडद्यावर पाहिलेले अंत्यसंस्कार. वाक्यं नेटकी होती. मी तिला एवढंच विचारलं की त्यानंतरच्या महिन्यांत तुझं काय बदललं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काकू, आजोबा मला खूप आवडायचे. मी रडले. पण मग मी खोलीत जाऊन परीक्षेचा अभ्यास केला. बाबा किती दिवस नीट जेवत नव्हते. हे बाबांचं आहे ना?”

एकवीस वर्षांच्या त्या मुलीने जे एका वाक्यात ओळखलं, ते या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. दुःख खरं होतं. पण ज्याला तिथल्या बाराव्या-तेराव्याला पोचता आलं नाही, ज्याच्या मनात वडिलांना शेवटचं न भेटल्याचा सल कायमचा राहिला, तो तिचा बाप होता. ते त्याच्याजवळून उचलून आपल्या अर्जात मांडणं तिला पटत नव्हतं. तिचं मन बरोबर सांगत होतं, आणि आम्ही मोठी माणसं तिला उलट सांगत होतो.

दुःख आणि अडचण यांत इथे फरक करावा लागतो, कारण कॉलेजच्या प्रवेश-समितीला अर्जाचा हा भाग मुळात कशासाठी हवा आहे ते पाहावं लागतं. समितीपुढे मार्क असतात, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेचा स्कोअर असतो, कामांची यादी असते. ते आकडे कोणत्या परिस्थितीत उभे राहिले हे त्यांना समजून घ्यायचं असतं. ४पैकी ३.६चा जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, घरी राहून, ट्यूटर लावून, सुट्टीत विश्रांती घेऊन मिळवला की आठवड्याला वीस-पंचवीस तास किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मिळवला, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणून मी मुलांना विचारते की तुझा वेळ कशात गेला, पैसा कुठून आला, आणि कोणता दरवाजा तुझ्यासाठी बंद होता? उत्तर या तीनपैकी एकाला जरी स्पर्श करत असेल तर ‘हो’ म्हणायला जागा आहे. केवळ मन दुखावलं असेल तर ते माणूस असण्याचं लक्षण आहे. त्याला मुख्य निबंधात जागा मिळू शकते, इथे नाही.

हा प्रश्न अर्जात का लागतो, याचं कारण मोठं आहे आणि आपल्या घरांत ते क्वचितच बोललं जातं. अमेरिकेत मेडिकलला शिकणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं उत्पन्नाच्या वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरांतून येतात, आणि हे प्रमाण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फारसं हललेलं नाही, हे खुद्द एएएमसीच्या विश्लेषणात आहे. २०२३च्या हंगामात साधारण ५२ हजारांनी अर्ज केले आणि २३ हजारांच्या आत-बाहेर मुलांना प्रवेश मिळाला. एवढ्या चुरशीत घरची ऐपत शांतपणे काम करत असते. एमकॅटचा क्लास, पगाराशिवाय संशोधनात घालवलेला उन्हाळा, डॉक्टर असलेल्या मावशीच्या दवाखान्यात मिळालेली बसायची जागा, हे सगळं तिच्यातूनच येतं. इथल्या मराठी घरांपैकी पुष्कळ घरं त्या वरच्या पाचव्या हिश्श्यात आहेत. आपण कष्टाने आलो हे खरं आहे. त्याचबरोबर आपल्यातले बरेच जण दोन-तीन पिढ्या शिकलेल्या घरांतून, भारतातल्या अल्प फीच्या सरकारी कॉलेजांतून, पदवी हातात घेऊन आले, हेही तितकंच खरं आहे. आपल्या मुलांसमोर ही दुसरी बाजूही मांडायला हवी.

या सगळ्या इतिहासात कॅलिफोर्नियातलं डेव्हिसचं मेडिकल स्कूल मला फार बोलकं वाटतं. १९७०च्या दशकात तिथे १००पैकी १६ जागा अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. अ‍ॅलन बाकी या गोऱ्या अर्जदाराने त्याविरुद्ध दावा केला आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द ठरवल्या. वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहण्याची मोकळीक मात्र ठेवली. १९९६मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तीही आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठांतून काढून टाकली. त्यानंतर डेव्हिसने वेगळी वाट शोधली. अर्जदाराच्या आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, तो वाढला त्या भागात वैद्यकीय सेवा पुरेशी होती का, घरखर्चाला त्याने हातभार लावला का, अशा बाबींवरून ० ते ९९पर्यंतचा एक अंक काढायचा आणि तो मार्कांच्या शेजारी ठेवायचा. तिथल्या तुकड्या आज देशातल्या सर्वांत विविध तुकड्यांमध्ये गणल्या जातात. या पद्धतीत मुलाला आपलं घर रंगवून सांगावं लागत नाही. बाप ट्रक चालवतो, आई सातवी शिकली, एवढं भरलं की त्याचं काम झालं. त्याच्या इंग्रजीची चमक कुणी मोजत नाही.

आणि २९ जून २०२३ला, हा नवा प्रश्न अर्जात येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाधारित प्रवेशप्रक्रियाच बेकायदा ठरवली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्या निकालात एक फट उघडी ठेवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार निबंधात सांगू शकतो आणि विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. मात्र त्याचा लाभ त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या धैर्याशी आणि जिद्दीशी जोडलेला असायला हवा, अशी अट घातली. निकालाशी मी सहमत नाही. पण त्याचा व्यवहारातला परिणाम असा झाला की समाजाने ज्या गोष्टीची नोंद धोरणात ठेवायला हवी, तिचा सगळा भार एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या निबंधावर येऊन पडला. ज्याला सोसावं लागलं त्यानेच आता ते सुबकपणे लिहूनही दाखवायचं.

सुबक लिहिणं फुकट येत नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे पदवीसाठी आलेल्या ६० हजार अर्जांमधले निबंध तपासले होते. निबंधात मुलं काय लिहितात याचा घरच्या उत्पन्नाशी असलेला संबंध एसएटी या पदवीच्या प्रवेशपरीक्षेच्या मार्कांपेक्षाही घट्ट निघाला. तो अभ्यास मेडिकलच्या अर्जांचा नव्हे. पण जिथे तासावर पैसे घेऊन निबंध घडवून देणारे सल्लागार आहेत, तिथे चित्र उलटं असेल असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. परीक्षा श्रीमंतांना धार्जिणी म्हणून निबंध आणला, आणि तोही त्यांच्याच अंगणात जाऊन बसला. आता तर ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही यंत्राकडून दोनशे गुळगुळीत शब्द मिळतात. त्या शब्दांच्या गर्दीत खरोखर सोसलेल्या मुलाचं ओबडधोबड वाक्य मागे पडतं. म्हणून उसनं दुःख लिहिण्यात कुणाचं काय बिघडतं, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला त्या मुलाची आठवण करून द्यावीशी वाटते. बिघडतं ते त्याचं.

आता दुसरी बाजू. आपल्यातच अशी मुलं आहेत ज्यांनी ‘हो’ म्हणायला हवं आणि तीच गप्प बसतात.

एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेलं मूल घ्या. पुण्याहून किंवा नागपूरहून तीन-चार वर्षांचं असताना आलेलं. वडील किंवा आई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत प्रत्येक देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. मुलाला एकवीस वर्षं पूर्ण झाली की ते आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर फेकलं जातं. मग विद्यार्थी व्हिसा काढा, नाहीतर ज्या देशाची आठवणही नाही तिथे परत जा. त्याला सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. कितीतरी मेडिकल कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. आणि यातली एक गोष्ट तर अर्ज वाचणाऱ्याच्या कधी लक्षातही येत नाही. एच-फोरवरच्या मुलाला पगाराचं काम करता येत नाही. वर्गातली बाकी मुलं अँब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारे सहायक, म्हणून पगारी काम करतात, इमर्जन्सीत डॉक्टरांच्या नोंदी लिहायची नोकरी करतात, प्रयोगशाळेत सहायक होतात. या मुलाच्या अर्जात त्या जागा रिकाम्या दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, याला रुग्णांजवळ जायची हौसच नाही. खरी गोष्ट अशी की त्याला कायद्याने मज्जाव होता आणि त्याने जे केलं ते सगळं बिनपगारी केलं.

मी हे लिही म्हटलं की ही मुलं संकोचतात. “ती तर कागदपत्रांची गोष्ट आहे,” म्हणतात. त्यात मृत्यू नाही, रुग्णालय नाही, रडणं नाही, म्हणून ती त्यांना लिहिण्याजोगी वाटत नाही. वडिलांची नोकरी गेली, नवी शोधायला व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांची मुदत होती, त्या साठ दिवसांत घरातलं सामान विकायची यादी त्यानेच केली आणि धाकट्या भावाला काही कळू दिलं नाही, हे एका मुलाने मला सहज गप्पांत सांगितलं. अर्जात त्याने फुटबॉलच्या दुखापतीवर लिहिलं होतं. आपल्या घरातली खरी अडचण लपवायची आणि सभ्य, बाहेर दाखवण्यासारखी अडचण पुढे करायची, ही सवय त्याला आमच्याकडूनच लागली आहे.

जातीचंही तसंच. अमेरिकेत दलित मराठी कुटुंबं आहेत आणि त्यांच्या मुलांना विद्यापीठातल्या भारतीय मंडळींत वावरताना ‘आडनाव काय?’ या प्रश्नामागचा अर्थ चांगला कळतो. सिएटल शहराने २०२३च्या फेब्रुवारीत जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरात नकाराधिकार वापरून फेटाळलं. त्या चर्चेमुळे इथल्या पुष्कळ लोकांना जात ही काय चीज आहे ते निदान ऐकून माहीत झालं. तरी मूल दोन गोष्टींना घाबरतं. गोरा वाचक असेल तर त्याला समजणार नाही. आणि अमेरिकेत भारतीय वंशाचे डॉक्टर इतके आहेत की मुलाखतीला समोर नेमका असा कुणी बसला ज्याला हे ऐकायचंच नाही, तर? दुसऱ्या भीतीला माझ्याकडे झटपट उतारा नाही. ती खरी आहे, आणि ती दूर करण्याची जबाबदारी सवर्ण मराठी डॉक्टरांवर आहे, त्या मुलावर नाही. पहिलीचा उपाय सोपा आहे. एका वाक्यात पार्श्वभूमी, आणि बाकी सगळी जागा घडलेल्या गोष्टीला. कोणत्या खोलीत, कोण काय म्हणालं, त्यानंतर कुठे जाणं बंद झालं. जात म्हणजे काय यावर दोनशे शब्द घालवले तर मूल स्वतः त्या कागदावर उरतच नाही.

मानसिक आजाराबद्दल लिहावं का, हा सर्वांत अवघड प्रश्न. सल्लागार सरसकट नको म्हणतात. त्यांचा हिशेब व्यवहाराचा आहे. समितीला वाटेल हे मूल मेडिकलचा ताण झेपवू शकणार नाही, म्हणून झाकून ठेवा. हा सल्ला ऐकताना मला नेहमी डॉक्टर लॉर्ना ब्रीन आठवतात. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या त्या प्रमुख होत्या. कोरोनाच्या पहिल्या लाटेत रुग्ण सांभाळता सांभाळता स्वतः आजारी पडल्या, आणि एप्रिल २०२०मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. मानसिक उपचार घेतले तर परवाना हातचा जाईल ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. मार्च २०२२मध्ये त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठीचा कायदा झाला. ज्या व्यवसायाला आपल्या माणसाच्या नावाने असा कायदा करावा लागतो, त्याच व्यवसायाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला आपण पहिला धडा देतो तो लपवण्याचा.

तरीही मी कुणा मुलाला ‘लिहीच’ असं म्हणणार नाही. व्यवस्था सुधारण्यासाठी आपला अर्ज पणाला लावावा, हे त्याच्याकडून मागायचा अधिकार मला नाही. लपवणं ही त्याची लबाडी होत नाही. तो दोष ज्यांच्या भीतीने त्याला लपवावं लागतं त्यांचा आहे. लिहायचंच असेल तर मात्र सर्वांत काळ्या रात्रीचं वर्णन नको. उपचार कधी सुरू केले, कोणत्या सेमिस्टरला किती विषय कमी घेतले, आज दिनक्रम कसा आहे, एवढं पुरे. समितीला मार्कांमधला खड्डा कळतो आणि मुलाला स्वतःची जखम परक्यापुढे उघडी करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. अर्जात लिहिलेलं सगळं मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं. एक मूल वीस-पंचवीस कॉलेजांना अर्ज करतं. प्रत्येक ठिकाणी समितीचे सदस्य, मुलाखत घेणारे प्राध्यापक, कधी सीनियर विद्यार्थी, सगळे ते वाचू शकतात. आईच्या कर्करोगावर लिहिलेल्या एका मुलाला मी विचारलं की आईला हे दाखवलंस का? नव्हतं दाखवलं. त्या बाईंनी आपलं आजारपण सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं. मूल केमोच्या दिवसांत गाडी चालवून आईला नेत होतं, स्वयंपाक करत होतं, धाकटीला शाळेत सोडत होतं. त्याचा त्यावर पुरता हक्क होता. मग त्याने आईला विचारलं आणि आईने एक अट घातली. माझ्या शरीराबद्दल काही लिहायचं नाही, तू काय केलंस ते लिही. नंतरचा मसुदा पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. पहिल्यात केस गळल्याचं वर्णन होतं. दुसऱ्यात सकाळी साडेपाचला उठून दोन डबे, औषधांच्या वेळांचा फ्रिजवर चिकटवलेला कागद आणि त्या सत्रात सोडलेली प्रयोगशाळेतली जागा होती. त्या कागदावर तो मुलगा होता.

इकडचं हे सगळं वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे बरं आहे. नीटचे ७२० मार्क, यादी लागली, विषय संपला. कुणाला रडगाणं लिहावं लागत नाही. त्यात तथ्य आहे. बीडच्या एखाद्या गावातून लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलीला आपल्या बापाचं कर्ज इंग्रजीत वर्णन करून दाखवावं लागत नाही, यात तिची शान राखली जाते. पण जिच्या बापाला लातूरची खोलीही परवडली नाही, तिचे १८० प्रश्न आणि मुंबईत दोन वर्षं क्लासच्या वातानुकूलित वर्गात बसलेल्याचे १८० प्रश्न एकाच काट्यावर तोलले जातात, आणि यादीत ते अंतर दिसत नाही. आरक्षण त्यातलं काही भरून काढतं, सगळं नाही. महाराष्ट्रात विभागवार ७०:३० सूत्र होतं. विभागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना. पण मराठवाड्यात कॉलेजंच कमी असल्याने तिथल्या मुलांनाच ते जाचक वाटू लागलं, आणि सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने ते रद्द केलं. त्याच वर्षी तामिळनाडूने सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा ठेवल्या. सरकारी शाळेत शिकलास का? दाखला दाखव. बस. डेव्हिसचा तो अंक आणि तामिळनाडूचा हा दाखला यांत मला एकच शहाणपण दिसतं. परिस्थितीची नोंद संस्थेने घ्यावी. मुलाने तिचं प्रदर्शन मांडू नये.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रकान्यांत सगळं बसत नाही. घरातली मारहाण, भावंडाचं अपंगत्व, दोन वर्षं नात्यातल्यांकडे काढलेले दिवस, यांना दाखला नसतो. म्हणून तो मोकळा प्रश्न काढून टाका असं मी म्हणत नाही. तो राहावा, पण शेवटचा म्हणून, रकान्यांतून निसटलेल्यांसाठी. आधी साधी माहिती विचारा. पदवीच्या काळात आठवड्याला किती तास नोकरी केली? घरी कुणाची देखभाल करावी लागली, किती काळ? कॉलेजचा खर्च कोणी उचलला? व्हिसामुळे काय करता आलं नाही? यातलं काही आजही अर्जात इथेतिथे विखुरलेलं आहे. ते एकत्र आणून गुणपत्रिकेशेजारी ठेवणं कॉलेजांना अशक्य नाही. डेव्हिसने ते गेली कित्येक वर्षं केलं आहे.

राहता राहिला पालकांचा प्रश्न. ‘नाही’ म्हटलं तर मुलाचं नुकसान होईल का? अर्जात कामांच्या १५ नोंदी करता येतात, प्रत्येकी ७०० अक्षरांच्या. त्यांपैकी तीन सर्वांत महत्त्वाच्या नोंदींना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. सुखात वाढलेल्या मुलाने त्या सुखाचं काय केलं हे सांगायला तिथे हवी तेवढी जागा आहे. त्या न्यू जर्सीच्या मुलीने मोफत दवाखान्यात मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या आज्यांसाठी दुभाषाचं काम केलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या उपासाच्या दिवशी घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरांना न विचारता घरी परस्पर ठरवणाऱ्या आज्यांकडून ती एकेक गोष्ट काढून घ्यायची. पहिल्या मसुद्यात त्याला दोन ओळी मिळाल्या होत्या. आजोबांचा परिच्छेद गेला, तिने ‘नाही’वर खूण केली आणि दुभाषाच्या कामाला महत्त्वाच्या तीन नोंदींत जागा दिली.

पण एका मुलीच्या धैर्यावर हे सोडून चालणार नाही. ‘सगळ्यांनी हो म्हणावं अशी अपेक्षा नाही’ हे वाक्य सूचनेत छापणं सोपं आहे. घाबरलेला पालक त्यावर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक मेडिकल कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर दोन गोष्टी दर वर्षी जाहीर कराव्यात. आमच्याकडे प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जणांनी या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं होतं? आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांचं उत्तर आमची समिती कशाच्या आधारे वाचते? हे आकडे कॉलेजांकडे आहेतच. इथल्या मराठी आणि भारतीय डॉक्टरांच्या संघटनांनी, ज्यांच्या सदस्यांपैकी कितीतरी जण याच कॉलेजांत शिकवतात आणि याच समित्यांवर बसतात, ते लेखी मागावेत.